सुरीची राखण

पगार मला पुण्यात गेम तपासण्याचा मिळतो; त्यामागची नजर झरी जामणीतल्या एका दादानं दिलेली. नात्यानं तो माझा कुणी नव्हता. त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला. गिऱ्हाईक ओसरलं की त्याच कॉम्प्युटरवर ‘सायलेंट हिल २’ लागायचा. माझ्याकडून पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. पुण्याच्या कोर्सची पहिली फीसुद्धा त्यानंच भरली.

कोनामीचा २००१ सालचा हा जपानी भयखेळ. बायकोच्या मरणाचं ओझं घेऊन जेम्स धुक्यातल्या गावात येतो. तिथं भेटते अँजेला, बापाच्या अत्याचारानं मोडलेली. आपल्या हातून काय होईल याचा भरवसा नाही, म्हणून स्वतःजवळची सुरी ती जेम्सकडे सोपवते. पुढची गोष्ट खेळ सांगत नाही, गुपचूप मोजतो. ती सुरी पुन्हापुन्हा काढून पाहिली, जखमी असूनही औषध न घेता हिंडलात, की जेम्सच्या मनात मरण आहे असं धरलं जातं आणि शेवटी तो गाडीसह तळ्यात जातो.

दादाच्या वाट्याला तोच शेवट आला. मी कुठंतरी वाचलेलं कारण मोठ्या शहाणपणानं सांगितलं. तो भडकलाच.

“मराले नाही पाहत होतो बे! हाये का थे जागेवर, थे पाहत होतो. आन औषध पुरवून वापरलं त थे बी मरन?”

मग म्हणाला, “बोंडअळीनं कापूस गेला त्या साली बाबा कोनाशी बोलेच ना. मायनं फवारनीचा डबा शेजारच्या काकूकडे ठेवाले देल्ला. काकू रोज रात्री उठून कुलूप पाहे. तिले मराचं होतं काय?”

ते साल २०१७. त्याचे बाबा आजही शेतावर जातात.

निर्माते चुकले असं मी म्हणणार नाही. थेट प्रश्न न विचारता वागण्यावरून मन ओळखायचं, ही कल्पना आजही मला अफाट वाटते. पण त्यांनी पाहणं मोजलं, पाहण्यामागची काळजी नाही.

आता एखाद्या खेळात विषाच्या बाटलीकडे वळलेली नजर मरणाच्या खात्यात जमा होताना दिसली, की मी अहवालात लिहितो: बाटली दुसऱ्या कुणाच्या हवाली करायची सोय का नाही? उत्तर बहुधा ठरलेलं, वेळापत्रकात बसत नाही. पुढच्या अहवालात मी तेच पुन्हा लिहितो.