कानातली दुसरी मी

आज तुम्हांला माझी एक फजिती सांगते. तिच्यात माझी एक चूकही आहे. ती मी आमच्या वर्गासमोर कबूल केली आहे, तेव्हा तुमच्यापासून कशाला लपवू?

मी चौथीला शिकवते. शाळा लहानशी, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. शेजारच्या गावच्या शाळेत तिसरीत एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही. गोष्टींचं मात्र त्याला भारी वेड. आमच्या मुलांनी ठरवलं की आपण लिहिलेल्या गोष्टी वाचायच्या, रेकॉर्ड करायच्या आणि त्याला भेट द्यायच्या. डी.एड.ला असताना पुठ्ठ्याचं, चिंध्यांचं, काड्यापेट्यांचं शैक्षणिक साहित्य मी ढीगभर केलं होतं, पण आवाजाचं साहित्य कधीच केलं नव्हतं. म्हणून माझाही उत्साह दांडगा!

पुण्याला माझा भाचा गिटार वाजवतो. त्याने नवं साउंड कार्ड घेतलं आणि जुनं मला दिलं. कंपासपेटीएवढी एक डबी. तिच्यात एका बाजूने माइकची वायर जाते, दुसऱ्या बाजूला हेडफोन लागतो आणि यूएसबीच्या वायरने ती लॅपटॉपला जोडतात. आत काय चालतं, सांगू? आपला आवाज म्हणजे हवेची थरथर. ती थरथर ही डबी एका सेकंदात ४८,००० वेळा मोजते आणि ते आकडे लॅपटॉपला पाठवते. परत येणाऱ्या आकड्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोनमध्ये सोडते. माणसाला एका सेकंदात चार आकडेही धड लिहिता येत नाहीत!

पहिल्या दिवशी वाचायला मी आमच्या सगळ्यांत चांगल्या वाचणारीला बसवलं. रेडिओ स्टेशनवर घालतात तसा हेडफोनही तिच्या कानांवर चढवला. खरं सांगायचं तर हेडफोनची काही गरज नव्हती. मलाच ते ऐटबाज वाटत होतं.

ती वाचायला लागली आणि पहिल्याच वाक्यात अडखळली. पुन्हा सुरुवात केली, तर “ओढ्याच्या काठावर” हे दोन शब्द तिने असे लांबवले की मुलं फिसकन हसली. तिसऱ्यांदा एकच अक्षर दोनदा आलं. ती हेडफोन काढून म्हणाली, “बाई, कानात दुसरी मी बोलतेय.”

आणि मी काय म्हणाले? “कारणं नकोत. घरी नीट वाचून ये.”

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मी नाही वाचणार, बाई. दुसऱ्या कुणाला द्या.” वर्गात मोठ्याने वाचायला उभं केलं तरी तिचा आवाज खाली खाली जायला लागला. रोज हात वर करणारी मुलगी! मला वाटलं, माइकला घाबरली असेल.

त्या रात्री घरी सहज हेडफोन लावला आणि तिचीच गोष्ट वाचायला घेतली. मुलांनो, मी बारा वर्षं रोज वर्गात मोठ्याने वाचते आहे. पण माझीही जीभ दुसऱ्या वाक्याला अडकली! मी बोलत होते आणि मागोमाग कानात माझाच आवाज मला चिडवल्यासारखा येत होता. त्याला गाठायला मी थांबायची, मी थांबले की तोही थांबायचा. हेडफोन काढला की वाचन सुरळीत. लावला की पुन्हा गडबड. म्हणजे पोर अगदी खरं सांगत होती!

हे नवीन नाही बरं का. १९५० साली अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी हेच लिहून ठेवलं आहे की, माणसाला स्वतःचा आवाज थोड्या उशिराने ऐकवला तर चांगला बोलणाराही अडखळतो. सुमारे एक पंचमांश सेकंदाचा उशीर तर सगळ्यांत जास्त त्रास देतो. आपण बोलताना कान सतत जिभेवर नजर ठेवून असतात. त्यांना बातमी उशिरा मिळाली की जीभ गोंधळते. गंमत म्हणजे बोलताना अडखळणाऱ्या काही लोकांना हाच उशीर उलट मदत करतो, म्हणून त्यांच्यासाठी तशी यंत्रंही बनवलेली आहेत.

शनिवारची सकाळची शाळा होती. आम्ही उशीर मोजायचं ठरवलं. आधी मैदानावर गेलो. समाजमंदिराच्या भिंतीपासून टेपने ३४ मीटर मोजले आणि एकेकाने टाळी वाजवली. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. भिंतीपर्यंत ३४ आणि परत ३४, असे झाले ६८ मीटर. भागाकार करा पाहू. एक पंचमांश सेकंद! तेवढ्या वेळाने टाळी परत ऐकू यायची.

मग वर्गात आलो. हेडफोन माइकच्या अगदी जवळ धरला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि एकच टाळी वाजवली. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाची रेघ उमटते, तिच्यावर एक मोठा उंचवटा आला. थोडं पुढे दुसरा, लहान. दुसरा म्हणजे हेडफोनमधून परत आलेली तीच टाळी. दोन्हींमधलं अंतर मोजलं तर जवळजवळ तेवढंच, एक पंचमांश सेकंद. आमच्या वाचणारीच्या कानात आम्ही समाजमंदिराची भिंतच बसवली होती की!

हा उशीर येतो कुठून? मी भाच्याला फोन लावला.

“मावशी, अगं बफर मोठा असेल. कमी कर की.”

बफर म्हणजे काय, ते मी मुलांना खिचडीवरून सांगितलं. आमच्याकडे खिचडी मागच्या खोलीत शिजते आणि व्हरांड्यात वाढतात. ताई बादली भरून आणतात. बादली मोठी असेल तर ती भरेपर्यंत पंगत ताटकळते, पण एकदा आली की वाढप थांबत नाही. बादलीऐवजी छोटी वाटी घेतली तर पहिला घास लगेच मिळतो. पण ताईंना सारख्या फेऱ्या घालाव्या लागतात, आणि मधेच त्या कुणाशी बोलत थांबल्या की वाढणाऱ्याची पळी रिकाम्या भांड्यात खर्रकन वाजते.

लॅपटॉपही आकडे असेच बादलीने नेतो. आमची बादली होती ४,०९६ आकड्यांची. सेकंदाला ४८,००० आकडे, म्हणजे ती भरायलाच सेकंदाचे ८५ हजारांश भाग लागायचे. जाताना एक बादली, येताना एक, शिवाय इकडेतिकडे थोडा वेळ. झाला पंचमांश सेकंद!

मी बादली एकदम १२८ आकड्यांची केली. उशीर जवळजवळ गेला. पण लगेच हेडफोनमधून चर्र, कट्, चर्र! तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज. एक मुलगा ओरडला, “बाई, पळी वाजली!” त्याला सगळं समजलं होतं.

आता ताई मधेच का थांबतात, ते शोधायचं. इथे मी मुलांना एक शिस्त लावली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लगेच ऐकायचं आणि वहीत लिहायचं. तुमच्याही घरी असं काही बिघडलं तर हेच करा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कुणाला कळणार?

आधी मला वायरचा संशय आला. वायर बदलली, चरचर तशीच. मग वाय-फाय बंद केलं. चरचर थोडी कमी झाली, पण गेली नाही. लॅपटॉप एरवी पाठीमागे कायकाय उद्योग करत असतो, त्यांतला एक कमी झाला एवढंच. तिसरी गोष्ट एका मुलीच्या लक्षात आली. माझ्या लॅपटॉपला यूएसबीची दोनच भोकं, म्हणून मी एक हब लावला होता. त्या एका हबवर माउस, पेनड्राइव्ह, जादा कीबोर्ड आणि आमची डबी, असे चौघे! एका नळावर चार घागरी लावल्यासारखं. हबला लॅपटॉपकडून मिळते ती वीजही चौघांनी वाटून घ्यायची. डबी सरळ लॅपटॉपला जोडली तेव्हा चरचर बरीच कमी झाली. पण शाळेत वीज जाते-येते, म्हणून मी लॅपटॉप वीज वाचवायच्या सोयीवर ठेवला होता. त्यामुळे तो सावकाश चालत होता, अधूनमधून डुलकीच काढत होता म्हणा ना. ती सोय काढली, बादली १२८ वरून २५६ वर नेली आणि कान लावून बसलो. शांत!

भाच्याने आणखी एक तपासायला सांगितलं होतं. डबी सेकंदाला ४८,००० वेळा मोजते आणि सॉफ्टवेअर ४४,१०० वर लावलेलं, असं नको. (४४,१०० हा गाण्यांच्या सीडीचा आकडा.) दोघांचं जुळत नसलं तर लॅपटॉपला सतत एका आकड्याचा दुसरा करत बसावं लागतं. आमचं जुळत नव्हतंच, तेही सारखं केलं.

एवढं होऊनही एका मुलाचा आवाज फाटका येत होता. वहीवाल्यांनी बफर मोठा केला, हब पाहिला, काही फरक नाही. मग पडद्यावरची रेघ मोठी करून पाहिली. तिच्या उंचवट्यांची टोकं विळीने कापल्यासारखी सपाट होती. हा वेगळाच रोग! महाराज माइकला ओठ लावून ओरडत होते आणि डबीवरचा लाल दिवा लागत होता. आवाज मोजपट्टीच्या बाहेर गेला की डबी उरलेला भाग कापूनच टाकते. हे दोन आवाज ओळखायची खूण अशी : बादली रिकामी झाल्याची चरचर हळू बोललं तरी येते, कापलेला आवाज फक्त मोठ्याने बोलल्यावर फाटतो. त्याला वीतभर मागे बसवलं, माइकचं बटण थोडं कमी केलं, आणि झालं.

हे सगळं होईपर्यंत दोन शनिवार गेले. आणि मग काय झालं, ऐका. दुसरीतला एक चिमुरडा दारात बसून डबीच्या खोक्यातला कागद उलगडत होता. “बाई, ह्याचं विमान करू?” मी “कर” म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, “ह्या चित्रात माइकपासून हेडफोनला सरळ बाण आहे.”

मी कागद हातात घेतला. माहितीपत्रक होतं ते, इंग्रजीतलं, बारीक अक्षरांत. मी ते उघडलंच नव्हतं! डबीवर एक लहान बटण आहे. ते दाबलं की माइकचा आवाज लॅपटॉपकडे न जाता डबीतूनच सरळ हेडफोनमध्ये येतो. मधे बादलीच नाही, मग उशीर कसला? लॅपटॉप आपला सावकाश रेकॉर्ड करत बसतो. सॉफ्टवेअरमधून परत येणारा आवाज तेवढा बंद करायचा, नाहीतर दोन्ही ऐकू येतात. आता बादलीही पुन्हा ४,०९६ ची करता आली, कारण तिची वाट बघत कुणी ताटकळणार नव्हतं. उशीर नाही आणि चरचरही नाही. दोन शनिवारांचं काम एका बटणाचं होतं म्हणून मी कपाळावर हात मारला. वहीवाल्या मुलांना मात्र त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांना आता दुसऱ्यांचेही लॅपटॉप तपासायचे होते.

सोमवारी परिपाठ झाल्यावर मी तिला पुढे बोलावलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “कानात दुसरी मी बोलतेय, असं तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. ते खरं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी होती.” ती काही बोलली नाही. पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभी राहिली. मलाही पुढे काय बोलावं ते सुचेना.

पुढचे चार दिवस दुसऱ्या मुलांनी वाचलं. ती खिडकीपाशी बसून ऐकायची. शुक्रवारी मधल्या सुट्टीत आपणच आली आणि म्हणाली, “बाई, आधी हेडफोन नुसता लावून बघू?” लावला. माइकमध्ये हळूच स्वतःचं नाव म्हणाली. थांबली. पुन्हा म्हणाली.

“गेली ती,” म्हणाली, आणि वही उघडली.

ओढ्याची गोष्ट तिने एका दमात वाचली. मधे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला होता, तीन ठिकाणी. घरी बसून ते आवाज कापायचे असं मी ठरवलं होतं, पण पेनड्राइव्ह द्यायची घाई झाली आणि ते राहूनच गेलं. आठवड्याने त्या मुलाच्या बाईंचा फोन आला. गोष्टी त्याला फार आवडल्या होत्या. त्याचा एक निरोपही होता : पुढच्या वेळीसुद्धा पान उलटल्याचा आवाज येऊ द्या, म्हणजे गोष्ट अजून बाकी आहे ते कळतं.