राक्षस जातात कुठे?

गेल्या पोळ्याला मी सावंगीला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. वर्ध्याला अगदी लागून असलेले हे गाव. कागदोपत्री त्याचे नाव सावंगी (मेघे). माझे बालपण येथेच गेले. बहिणीचा नातू अकरा वर्षांचा आहे. तो मला आबाजी म्हणतो आणि मोबाईलवर राक्षस मारतो. म्हणजे निदान माझी समजूत तशी होती.

“गेला, आबाजी, गेला!” तो एकदम ओरडला.

“मेला का रे?”

“मेला नाही. बॅनिश झाला. हा सगळ्यांत मोठा आहे, याला मारता येत नाही. दार उघडायचं, याला आत ढकलायचं, की दार बंद.”

“मग आत तो काय करतो?”

इतका बावळट प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नसावा. “काही नाही करत. तो मग गेममध्येच नसतो.” पण क्षणभराने त्याने मोबाईल खाली ठेवला. “पण खरंच आबाजी, तो जातो कुठे?”

मी जन्मभर मास्तरकी केली. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द उच्चारण्याची सवय त्या धंद्यात लागत नाही. तेव्हा मी पाय पसरून बसलो आणि राक्षसांच्या वनवासाचे पुराण सुरू केले.

आरंभ बळीपासून केला. प्रल्हादाचा हा नातू, दानात कधी मागे न हटणारा. वामनाने तीन पावले जमीन मागितली. गुरू शुक्राचार्यांनी धोक्याची सूचना दिली, तरी दिलेला शब्द याने मोडला नाही. तिसरे पाऊल त्याने आपल्या मस्तकावर घेतले आणि त्याची रवानगी सुतलात झाली. येथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढची गंमत भागवतात आहे. बळीला खाली धाडल्यावर विष्णूने स्वतः त्याच्या दाराशी द्वारपाळ होऊन उभे राहायचे कबूल केले. शिवाय पुढच्या एका मन्वंतरात इंद्रपदही त्यालाच द्यायचे ठरले.

नातवाची मोठी बहीण कोपऱ्यात पुस्तक वाचत होती. ती म्हणाली, “टॉल्किनच्या पुस्तकात उलट आहे, आबाजी. तिथला मोठा दुष्ट मॉर्गोथ. त्याला जगाच्या भिंतीपलीकडच्या पोकळीत ढकलून देतात, आणि त्याने पुन्हा आत येऊ नये म्हणून भिंतीवर कायमचा पहारा बसवतात.”

मला ही तुलना फार आवडली. पहारा दोन्हीकडे आहे. तिकडे तो हाकललेल्याला आत येऊ न देण्यासाठी आहे. आमच्याकडे ज्याने हाकलले तोच हाकललेल्याच्या दारात चाकरीला उभा आहे. आणि बळीचे येणेही बंद नाही. केरळात ओणमला तो प्रजेला भेटायला येतो. आपल्याकडे दिवाळीचा पाडवा त्याच्याच नावाचा. तो येवो म्हणून तर घरोघरच्या बायका ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात. जोतिराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा याच बळीला त्यांनी शेतकऱ्याचा राजा म्हणून पुढे आणले. ज्याला आपण घालवला त्याच्याच राज्याची वाट पाहतो, असा हा मोठा चमत्कारिक सण आहे.

“आणि आपल्या इकडचा कोणी राक्षस नाही का?” नातवाला पाताळापेक्षा वर्धा जिल्ह्यात अधिक रस होता.

आहे तर! वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटरवर केळझर लागते. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला आपण जातो, ते. केळझर म्हणजेच महाभारतातली एकचक्रानगरी, असे इकडचे लोक परंपरेने मानतात. बकासुर तो येथलाच. गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस हा त्याचा ठरलेला खुराक. पण त्या मोबदल्यात तो नगरीचे शत्रूंपासून रक्षण करी, हे महाभारतात स्पष्ट सांगितले आहे. राजा दुबळा होता, म्हणून लोकांनी राक्षस पत्करला होता. भीमाने बकाला मारले, तेव्हा त्याचे नातेवाईक घाबरून बाहेर आले. भीमाने त्यांना ना मारले, ना हाकलले. ‘यापुढे माणसाला त्रास देणार नाही’ असे वचन घेतले आणि सोडून दिले. तेव्हापासून ते राक्षस शांतपणे राहू लागले, असे व्यासांनी लिहून ठेवले आहे.

“म्हणजे ते इथेच राहिले?” नातवाचे डोळे मोठे झाले.

“राहिलेच असणार. आपल्या पंगतीतल्या मंडळींचा आहार पाहिला, की मला त्यांच्या वंशाची शंका येते.”

सगळे हसले. पण पोराने आपला प्रश्न सोडला नव्हता. “उद्या पहाटे आम्ही मारबत काढणार आहोत. ती कुठे जाते?”

आता माझे हसू मावळले. हा प्रश्न मला सत्तर वर्षांपूर्वी एका बाईने विचारला होता.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घालवतात. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत प्रसिद्धच आहे. 1880 नंतरच्या दशकापासून या अवाढव्य बाहुल्यांची मिरवणूक निघते आणि शेवटी त्या जाळतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असे लोक सांगतात. कोणी तिला पूतनाही म्हणतात. आमच्या सावंगीत एवढा थाट नव्हता. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवायच्या, त्यांना आम्ही मेढे म्हणतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरांनी त्या उचलायच्या आणि ‘खोकला घेऊन जा गे मारबत! ताप घेऊन जा गे मारबत! ढेकूण घेऊन जा गे मारबत!’ असे ओरडत शिवेबाहेर नेऊन जाळायच्या. साल 1954. मी नऊ वर्षांचा. त्या वर्षी पेटता टेंभा माझ्या हाती होता, म्हणून माझी छाती विशेष फुगलेली होती.

शिवेपलीकडे आमच्याच शेताच्या कडेला एक झोपडी होती. तीत माझी आत्या राहत असे. लग्नानंतर दोन वर्षांत तिच्या हातावर चट्टा उठला, बोटे बधिर झाली, आणि सासरच्यांनी तिला गाडीत बसवून परत पाठवले. आजोबांनी तिला घरात घेतले नाही. झोपडी बांधून दिली. आजी रोज टोपलीत भाकरी ठेवून येई. ती रोजची टोपली पाहून आम्हा पोरांत काय कुजबुज चाले, हे बकासुराची गोष्ट ऐकलेल्यांना निराळे सांगायला नको. ती पोरे धरते, असे मीही मित्रांना सांगत असे. माझी सख्खी आत्या.

त्या पहाटे आम्ही फांद्यांचा ढीग घातला तो तिच्या झोपडीपासून वीस पावलांवर. दरवर्षी तेथेच घालत. शीव तेथेच होती, त्याला कोण काय करणार? झोपडीचे तट्टे सरकले आणि आत्या बाहेर आली. आम्ही पळायच्या बेतात होतो. ती नुसती हसली आणि म्हणाली, “काय रे पोट्टेहो, यंदा काय काय आणून टाकलं माह्या दारात?”

कोणी बोलले नाही. ती म्हणाली, “ठेवा, ठेवा. इथं जागा लय आहे.”

दोन महिन्यांनी भाऊबीज आली. वडील दरवर्षी त्या संध्याकाळी एकटेच शेतावर जात. त्या वर्षी त्यांनी मला बरोबर नेले. आत्याने झोपडीपुढे सारवले होते. वडील पाटावर बसले. आत्याने कुंकू बोटाने लावले नाही. ज्वारीच्या ताटाची एक सोललेली काडी होती, तिने लावले. मग निरांजन ओवाळून ती म्हणाली, “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.”

वडील मान खाली घालून बसले होते. आमची इडापिडा घालवायला आम्ही ज्या जागी येत होतो, तेथे उभी राहून ही बाई आमची इडापिडा टळो म्हणत होती. हे मला तेव्हा कळले, असे म्हटले तर ते खोटे होईल. मला तेव्हा एवढेच कळले, की तिने मला ओळखले आहे. “टेंभा तुह्याच हाती होता ना रे?” असे म्हणून तिने माझ्यापुढे एक करंजी धरली. मी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि परत येताना वडिलांची नजर चुकवून शिवेवर फेकून दिली. ती करंजी आजीने आमच्याच घरी तळून सकाळी तिला पाठवलेली होती. फक्त ती आत्याच्या हातून आली होती.

पुढची हकीकत वर्ध्याच्या लौकिकाला शोभेल अशी आहे. मनोहरजी दिवाणांनी विनोबांच्या प्रेरणेने 1936 साली दत्तपूरला कुष्ठधाम काढले होते. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी आपल्या हातांनी केली होती. 1951 साली गांधीजींच्या स्मरणार्थ कुष्ठरोगाच्या कामासाठी वर्ध्यात एक प्रतिष्ठानही निघाले. रोगी दारी येण्याची वाट न पाहता गावोगाव जाऊन त्याला शोधायचे आणि घरच्या घरी औषध द्यायचे, ही पद्धत याच मुलखात रुजली. त्यातलेच कोणी कार्यकर्ते सावंगीला आले. सल्फोनच्या गोळ्या सुरू झाल्या. आत्या दत्तपूरला गेली, सूत कातू लागली, शेतात राबू लागली, आणि काही वर्षांनी तिचा रोग हटला.

रोग गेला, आत्या परत आली नाही. येऊ नको, असे तिला कोणी म्हटले नाही. ये, असेही कोणी म्हटले नाही. वडील भाऊबीजेला दत्तपूरला जात. वडिलांमागे एकदोनदा मीही गेलो. करंजीची गोष्ट प्रत्येक वेळी तोंडापर्यंत आली आणि प्रत्येक वेळी मी हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. मग ती गेली. आज कुष्ठरोगाला बहुविध औषधांचा उपचार आहे. तो प्रथम सुरू झाला त्या जिल्ह्यांत वर्धा होता. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग देशातून हटल्याची घोषणा 2005 च्या अखेरीस झाली. रुग्ण अजून सापडतात आणि औषधाने बरे होतात. बाहुली करून जाळावी लागेल असा हा राक्षस आता उरलेला नाही. पण त्याच्या नावाने ज्यांना घालवले, त्यांना परत बोलावण्याचे औषध गोळ्यांत नसते.

हे सगळे मी नातवाला सांगितले. करंजीसकट सांगितले. तो काही बोलला नाही, झोपायला गेला.

पहाटे पोरांचा गलका ऐकू आला. तो फांद्या घेऊन गेला आणि तासाभराने आला तो फांद्या तशाच घेऊन. आता सावंगीला जुनी शीव दाखवणेही कठीण आहे. 1990 साली येथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यामागून रुग्णालय, वसतिगृहे, खाणावळी, औषधांची दुकाने, घरे असे सगळे वाढत गेले.

“का रे, मारबत नाही जाळली?”

“कुठे जाळू, आबाजी? सगळीकडे कोणाचं ना कोणाचं दार आहे.”

बहिणीने त्याच्या हातातून फांद्या घेतल्या. मागच्या अंगणात पाणी तापवायची चूल आहे, तीत तिने त्या सारल्या. पावसाळ्यातला ओला पळस. धूर इतका झाला की सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आले. घरची इडापिडा घरातच जळाली. त्या पाण्याने मी आंघोळ केली. चांगले कडकडीत तापले होते.