पंप चालूच आहेत

जर्मनीतल्या एसेनला कुणी पाहुणा आला, की मी त्याला आधी झोलफरआइनला नेते. 1847 मध्ये सुरू झालेली ही कोळसा खाण. तिच्या बारा क्रमांकाच्या चानकेची, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीची, 1932 ची इमारत शूप आणि क्रेमर या वास्तुविशारदांनी लाल विटांत आणि पोलादात अशी रेखीव उभारली, की लोक तिला जगातली सर्वांत देखणी खाण म्हणतात. भरात असताना इथून रोज 12,000 टन कोळसा वर यायचा. 1986 च्या डिसेंबरात काम थांबलं, 2001 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता रूर संग्रहालय आहे.

खाणीने माणसंही आणली. आधी पोलंडकडची, 1961 च्या करारानंतर तुर्कस्तानातली. अंधारात शेजाऱ्याच्या भरवशावर काम करणाऱ्यांचा रोखठोक, मदतीला धावणारा स्वभाव इथे अजून भेटतो. शेजारच्या गेल्झनकिर्शेनमध्ये शाल्के या फुटबॉल संघाच्या सामन्याआधी हजारो लोक खाणकामगारांचं गाणं गातात. त्यातल्या बहुतेकांनी खाण आतून पाहिलेलीही नसते.

मला मात्र या शहराची खरी थोरवी पंपांमध्ये दिसते. खालचा कोळसा काढल्याने एसेनभोवतीच्या रूर खोऱ्यातली जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त खचली. पंप थांबले तर कित्येक वस्त्यांची तळी होतील. जुन्या खाणींतलं खारं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, म्हणून तेही उपसावं लागतं, कायमचं. 2018 मध्ये खोऱ्यातली शेवटची, बोट्रोपची खाण बंद झाली. त्यानंतरच्या या खर्चासाठी 2007 मध्येच एक प्रतिष्ठान उभं केलं होतं. एव्होनिक या रसायन कंपनीतले समभाग हा त्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार. शतकभर उघडं गटार म्हणून वाहिलेली एम्शर नदीही तीस वर्षांच्या कामानंतर 2021 अखेर सांडपाण्यातून सुटली.

मी चंद्रपूरची. वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीच्या खाणींभोवतीची गावं बघत वाढले. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठीची ठेव आपल्याकडेही नियमाने लागते. तरी ग्रामसभेत चर्चा होते ती नोकरीची आणि मोबदल्याची. ती व्हायलाच हवी. पण कोळसा संपल्यावर जमीन आणि पाणी किती पिढ्या सांभाळणार, कोणत्या पैशातून, हेही तिथेच विचारायला हवं, खाण चालू असतानाच. कंपनी कमावती असते तेव्हाच तिच्याकडून हा शब्द लेखी घेता येतो.