झाकण लावलेला कॅमेरा

माझ्याविषयी आमच्या आळीत एक समज कायमचा झाला आहे, आणि तो दूर करण्याचा नाद मी आता सोडून दिला आहे. समज असा की, गेल्या थंडीपासून माझे डोके थोडे फिरले आहे. पुरावाही भक्कम आहे. शेजारच्या काकूंनी मला पहाटे साडेचार वाजता, कानटोपी घालून, गच्चीवर कॅमेऱ्याचे झाकण घट्ट लावून फोटो काढताना प्रत्यक्ष पाहिले. एक नाही, ओळीने तीस! पुढे उजाडल्यावर मी माझा धुतलेला पांढरा बनियन त्याच कॅमेऱ्याच्या तोंडावर ताणून बांधला आणि मोकळ्या आभाळाकडे रोखून आणखी तीस फोटो काढले, हेही त्यांनी पाहिले.

"सरांचं बरं आहे ना?" त्यांनी आमच्या हिला हळूच विचारले.

"त्यांना विचारलं तर सांगतात," ही म्हणाली, "पण एकदा सांगायला लागले की तासाची घंटा होईपर्यंत थांबत नाहीत. म्हणून मी विचारत नाही."

वाचकांनीही विचारलेले नाही. पण दिवाळी अंक हातात घेऊन फराळाला बसलेला माणूस थोडा उदार असतो, या भरवशावर सांगतो.

याची सुरुवात अण्णांच्या एका प्रश्नाने झाली. अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षे ब्याऐंशी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांचे गाव आंबेगाव. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. गेल्या मार्गशीर्षात एका रात्री ते जुन्नरच्या आमच्या गच्चीत शाल गुंडाळून बसले होते. पूर्वेला मृग बराच वर आला होता. अण्णा खूप वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आमच्या आंबेगावच्या अंगणातून बाणाच्या खाली एक धुरकट ठिपका दिसायचा. आता दिसत नाही. तो विझला, की माझे डोळे विझले?"

बाण म्हणजे मृगाच्या पोटातले ते ओळीतले तीन तारे. त्यांच्या किंचित दक्षिणेला मंद ताऱ्यांची आणखी एक लहानशी ओळ आहे. तिच्यातला मधला तारा नीट पाहिला तर तारा वाटतच नाही. काचेवर कोणी श्वास सोडावा तसा दिसतो. तो मृगातला तेजोमेघ. सुमारे साडेतेराशे प्रकाशवर्षे दूर असलेला वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग; त्याच्या पोटात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. तो विझलेला नाही, हे मी अण्णांना लगेच सांगितले. डोळ्यांविषयी बोललो नाही. दोष नारायणगावच्या आणि नाशिक रस्त्याच्या दिव्यांवर टाकला. तो खोटाही नव्हता, कारण पूर्वेचे आभाळ आता रात्रभर पिवळट असते. पण मनात आले, डोळ्यांना दिसत नाही तर आपण अण्णांना तो फोटोत दाखवू.

पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या भाच्याने नुकताच नवा कॅमेरा घेतला होता. जुना त्याने माझ्या गळ्यात बांधला, आणि सोबत आभाळाच्या गतीने कॅमेरा हळूहळू फिरवणारे एक यंत्रही दिले. "मामा, फोटो काढणं हे काहीच नाही. खरं काम नंतर घरी, कॉम्प्युटरवर," असे सांगून तो निघून गेला.

पहिल्या रात्रीचा फोटो पाहून मी खचलो. काळा चौकोन, त्यात चार पांढरे ठिपके आणि सगळीकडे खरखर, म्हणजे वाळू उधळल्यासारखे रंगीबेरंगी कण. भाचा फोनवर हसला. एका फोटोचा भरवसा धरायचा नसतो. तोच फोटो शंभर वेळा काढायचा. प्रत्येक फोटोत खरखर वेगळ्या जागी असते, तेजोमेघ मात्र त्याच जागी असतो. 'सिरिल' नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. तो ताऱ्यांवर तारे बसवून सगळे फोटो एकमेकांवर नेमके रचतो आणि त्यांची सरासरी काढतो. चार फोटो रचले तर खरखर निम्मी होते, शंभर रचले तर दहावा हिस्सा उरते. एखाद्या फोटोत उपग्रहाची रेघ ओढली गेली असेल, तर बाकीच्या नव्व्याण्णवांत ती नाही म्हणून ती गळते.

हे ऐकले आणि मी खुर्चीतून उठलो. अरे, हे तर माझेच काम! वर्षानुवर्षे मी बी.ए.च्या मुलांना जुन्या पोथ्यांचे पाठभेद शिकवतो. एका पोथीचा भरवसा धरू नये. दहा पोथ्या समोर ठेवाव्यात, ओवीवर ओवी ताडून पाहावी. एका लेखनिकाला डुलकी लागली म्हणून शब्द गळला असेल तर तो उरलेल्या नऊ पोथ्यांत सापडतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अशाच कष्टाने.

मग झाकण लावून काढलेल्या फोटोंचाही उलगडा झाला. एकाच चुकीच्या पोथीवरून शंभर पोथ्या उतरल्या, तर ती चूक शंभरांतही असते. तिथे बहुमताचा काही उपयोग नाही. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. त्याच्या आतले काही ठिपके अंधारातही उगाच चमकतात, आणि ते प्रत्येक फोटोत त्याच जागी चमकतात. काचेवरच्या धुळीचा डाग आणि कडांचा काळोखही प्रत्येक फोटोत असतो. म्हणून झाकण लावून, तेवढाच वेळ आणि तेवढ्याच थंडीत, काहीही नसलेल्याचे फोटो काढायचे. त्यांत जे उमटते ते आभाळाचे नव्हे, आपल्या कॅमेऱ्याचे. ते वजा करायचे. बनियनमधून एकसारखा उजेड घेऊन धुळीचे डाग टिपायचे आणि त्यांचा हिशेब चुकता करायचा. आभाळ पाहायचे असेल तर आधी आपले दोष मोजून घ्यावे लागतात, ही गोष्ट मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी बनियनाने शिकवली.

जुन्नरचा उजेड पुरे झाला म्हणून मी घोडेगावच्या पलीकडे, डिंभ्याच्या बाजूला असलेल्या सासुरवाडीला जाऊ लागलो. जावई इतक्या वारंवार येऊ लागल्याचा सासूबाईंना आनंद झाला. तो रात्रभर स्लॅबवर बसतो हे कळल्यावर आनंद ओसरला. अंगणात बसण्याची सोय नाही, कारण आमच्या दोन्ही तालुक्यांत उसात बिबट्या असतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे, तरी सगळे काही तिथे मुक्कामाला जात नाहीत. मेहुण्याने मला बॅटरी आणि काठी दिली, आणि स्वतः आत जाऊन कडी लावली.

त्या अंधारात बसले की मला माझ्या भागाचा अभिमान वाटे. याच आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर 2006 पासून 'आयुका'ची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे. तिकडे जुन्नर तालुक्यात खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरून एकच आभाळ ऐकतात. आणि या सगळ्यांच्या मधे मी, बनियन आणि काठी घेऊन.

घरी आल्यावर खरा खेळ सुरू होई. रचलेला फोटोही प्रथम काळाच दिसतो. सगळा उजेड अंधाराच्या तळाशी चिकटलेला असतो. तो हलक्या हाताने वर ताणायचा. ताणता ताणता त्या काळ्या चौकोनातून पहिल्यांदा जो गुलाबी पंख उघडला, तो पाहून मी रात्री दीड वाजता हिला उठवले. ती म्हणाली, "छान आहे," आणि कूस बदलली. तो गुलाबी रंग कॅमेऱ्याचा लहरीपणा नाही. हायड्रोजनचा लाल उजेड त्यात आहे, फक्त तो इतका मंद असतो की रात्री आपल्या डोळ्यांना रंग कळत नाही.

इथवर सगळे नीट होते. मग मला मोह झाला.

इंटरनेटवर जगभरचे फोटो दिसतात आणि आपला फोटो त्यांच्यापुढे ओशाळतो. फोटो आपोआप रेखीव करून देणारी एक नवी करामत हाती लागली. एक कळ दाबली आणि माझ्या ढगात केसासारख्या बारीक, लखलखीत जटा उमटल्या! मी हरखलो. तो फोटो मोठा करून चौकटीत बसवला आणि अण्णांच्या खाटेसमोर टांगला. दुसरी प्रत कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठासाठी दिली. स्टाफरूममध्ये वाहवा झाली. खोटे कशाला बोलू, मी ती अंगभर घेतली.

अण्णांनी दोन दिवस काही म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी पेपर वाचायचे भिंग घेऊन ते फोटोपुढे उभे राहिले. चाळीस वर्षे पोरांच्या वह्या तपासलेला माणूस!

"ही वेणी आहे ना, ही आभाळात आहे?"

"असणारच," मी म्हणालो.

"असणारच, की आहे?"

मी कॉम्प्युटर उघडला. आधीचा साधा फोटो काढला, दुसऱ्या रात्रीचा काढला, वेधशाळांचे फोटो काढले. ती वेणी कुठेही नव्हती. त्या करामतीने आजवर पाहिलेल्या हजारो फोटोंवरून अंदाज बांधून माझ्या ढगाची रिकामी जागा भरून काढली होती. पोथीचे फाटलेले पान पाहून एखाद्या हौशी लेखनिकाने आपलीच ओवी घुसडावी, तसे. वर्गात अशा ओवीला मी 'प्रक्षिप्त' म्हणतो आणि ती करणाऱ्याला दूषणे देतो. ज्ञानेश्वरी शुद्ध करून झाल्यावर एकनाथांनी यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले, हेही दरवर्षी न चुकता सांगतो.

अण्णांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. खाटेवर बसत म्हणाले, "आपल्या आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे. त्याची थोरवी कशात? वेद म्हटले, पण पदरचा एक शब्द घातला नाही."

त्या रात्री मला पुण्यातल्या एका जुन्या माणसाची आठवण झाली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकवत. 1888 मध्ये तिथे त्यांनी वेधशाळा उभी केली. तिच्यातली वीस इंची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. याच मृगातल्या तेजोमेघाच्या उजेडात एक हिरवी रेषा दिसते. लॉकियरसारख्या विलायतेतल्या नामवंत ज्योतिर्विदाचे मत होते की ती मॅग्नेशियमची खूण आहे. तसे असेल तर तिची एक कड विरलेली दिसायला हवी. नायगमवालांना पुण्यातून ती स्वच्छ आणि बारीक दिसली, आणि 1891 मध्ये त्यांनी तसेच लिहिले. ती रेषा प्राणवायूची, हे 1927 मध्ये सिद्ध झाले. नायगमवालांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी फक्त दिसले तेवढे लिहिले. मोठ्या माणसाच्या मताला शोभेल अशी एक विरलेली कड कल्पनेने काढणे किती सोपे गेले असते!

दुसऱ्या दिवशी मी वार्षिक अंकाच्या विद्यार्थी-संपादकाला गाठले आणि मुखपृष्ठासाठी साधा फोटो दिला. त्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. "सर, आधीचाच चांगला होता," तो म्हणाला. मी कारण सांगितले. त्याने मान डोलावली. ती पटून डोलावली की मी त्याचा अंतर्गत परीक्षक आहे म्हणून, हे कळले नाही. अंक निघाला. या वेळी स्टाफरूममध्ये मुखपृष्ठाविषयी कोणी काही बोलले नाही. चौकटीतला फोटोही मी बदलला.

महाशिवरात्रीची भीमाशंकरची गर्दी ओसरली. दुसऱ्या दिवशी माघी अमावास्या होती. त्या संध्याकाळी मी अण्णांना गाडीत घालून सासुरवाडीला नेले. मेहुण्याने आणि मी खुर्चीसकट त्यांना स्लॅबवर चढवले. आठ वाजता मृग डोक्याच्या थोडा दक्षिणेला होता. दूर खाली धरणाचे पाणी काळेभोर पसरले होते. त्याच्या तळाशी कुठेतरी ते अंगण.

मी म्हणालो, "अण्णा, सरळ त्याच्याकडे पाहू नका. थोडं बाजूला पाहा. मंद उजेड डोळ्याच्या कडेला जास्त कळतो."

ते बाजूला पाहत राहिले. बराच वेळ गेला. उसातून पानांची सळसळ आली आणि मेहुणा काठी घट्ट धरून उभा राहिला.

"दिसला?" मी न राहवून विचारले.

"दिसल्यासारखं वाटतंय," अण्णा म्हणाले. "पण माहीत आहे म्हणून वाटतंय, की खरंच दिसतोय, ते सांगता येत नाही. तू 'दिसला' असं लिहू नकोस."

म्हणून तसे लिहिलेले नाही.