विमानाच्या खाली कोण राहते?

मुलांच्या प्रत्येक खेळण्यात मोठ्यांचे जग लहान होऊन बसलेले असते. भातुकलीत घर असते, मातीच्या बैलजोडीत शेत असते, आणि पडद्यावरच्या लढाऊ विमानात युद्ध असते. पहिल्या दोन खेळण्यांकडे आम्ही वडीलधारी माणसे कौतुकाने पाहतो. तिसऱ्याकडे मात्र एक तर कपाळाला आठ्या घालून पाहतो, नाही तर पाहतच नाही. त्या तिसऱ्या खेळण्याकडे आज जरा निवांतपणे पाहावे, असा आमचा विचार आहे.

ज्या पालकांचे बालपण नव्वदच्या दशकात गेले, त्यांना ह्या खेळाची ओळख करून देण्याची गरज नाही. टीव्हीला जोडायचा डबा, त्यात खोचायची कॅसेट आणि दोन भावंडांत एकाच रिमोटवरून होणारे भांडण त्यांना आठवत असेल. आपले विमान पडद्याच्या तळाशी, समोरून थव्याथव्याने येणारी शत्रूची विमाने, बटण दाबले की सुटणाऱ्या गोळ्या, आणि ठरलेले 'जीव' संपले की खेळ समाप्त! पार्लरमध्ये हाच खेळ खेळायला नाणे टाकावे लागे, त्यामुळे खिसा रिकामा झाला की मूल आपोआप घरी येई. आज तो मोबाइलमध्ये फुकट मिळतो आणि घरी परतण्याची वेळ सांगणारे ते नाणे नाहीसे झाले आहे.

ह्या खेळांचा इतिहास मोठा बोलका आहे. १९८२ साली अमेरिकेत कॅरल शॉ ह्या महिलेने 'रिव्हर रेड' नावाचा खेळ तयार केला. नदीवरून विमान न्यायचे, वाटेतले शत्रू उडवायचे आणि इंधन संपण्याआधी ते भरून घ्यायचे, असा तो खेळ. १९८४ साली पश्चिम जर्मनीतील सरकारी यंत्रणेने तो अल्पवयीनांसाठी घातक ठरवून निषिद्ध यादीत घातला. त्याच १९८४ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने '१९४२' हा खेळ बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिक महासागर ही त्याची रणभूमी. खेळणारा अमेरिकन पी-३८ विमान चालवतो, जपानी विमाने पाडतो आणि टोकिओच्या दिशेने पुढे सरकतो.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. खेळ जपानी माणसांनी तयार केला आणि त्यात पाडायची विमानेही जपानीच! डोळ्यांसमोर पाश्चात्त्य गिऱ्हाईक होते, म्हणून शत्रूचा रंग त्याच्या सोयीने ठरला. पण खरा प्रश्न त्याही पलीकडचा आहे. खऱ्या टोकिओवर १९४५ सालच्या ९ आणि १० मार्चच्या दरम्यानच्या रात्री अमेरिकन बॉम्बफेकी विमानांनी आग ओतली, तेव्हा एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. खेळातील विमान टोकिओकडे जाते, पण वाटेत खाली दिसतो तो निळा समुद्र आणि हिरवी बेटे. माणूस कोठेच नाही.

ही उणीव आमच्या ध्यानात आणून दिली ती एका चिमुरडीने. सेवेनिमित्त जव्हार तालुक्यातील साखरशेतकडे आमचे जाणे-येणे असते. तेथे एका घराच्या ओट्यावर एक मुलगा असाच खेळ खेळत होता आणि त्याची धाकटी बहीण खांद्यावरून डोकावत होती. भावाने एकामागून एक विमाने पाडली, पण तिला त्याचे फारसे कौतुक वाटले नाही. तिने एवढेच विचारले, "दादा, खाली गाव कुठं आहे?" भाऊ म्हणाला, "ह्यात गाव नसतं." तिचे समाधान झाले नाही. आमचेही झाले नाही.

ज्या परिसरात हा प्रश्न विचारला गेला, तेथील भिंतींवर त्याचे उत्तर पिढ्यान्पिढ्या रेखाटलेले आहे. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेले वारली चित्र पाहावे. तारपा वाजवणारा मध्ये आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफून नाचणाऱ्या माणसांचे वेटोळे, जणू आभाळातून पाहिल्यासारखे. शेजारी झोपड्या, कांडण करणाऱ्या बाया, गुरे, झाडे, पाखरे. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे ह्यांनी ही कला जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. लढाऊ विमानाचा खेळही वरून पाहतो आणि वारली चित्रकारही. एकाला खाली रिकामी जमीन दिसते, तर दुसऱ्याला ती माणसांनी गजबजलेली दिसते.

ह्याचा अर्थ आम्ही विमानांच्या किंवा वैमानिकांच्या विरोधात आहोत, असे कोणी समजू नये. जव्हारचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात होते. फ्लाइट लेफ्टनंट हा हुद्दा त्यांच्या नावामागे लागत असे. आमच्या भारतीय हवाई दलानेही तरुणांना आकर्षित करण्यासाठी २०१४ आणि २०१९ साली असे मोबाइल खेळ काढले. साखरशेतच्या एखाद्या मुलाला त्यातून वैमानिक होण्याची ओढ लागली, तर आम्हांस आनंदच होईल. मात्र त्याला कोणी तरी हेही सांगितले पाहिजे की, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून हवाई दलात जाण्याची वाट बारावीच्या गणित आणि भौतिकशास्त्रातून जाते. अंगठ्याच्या चपळाईने ती गाठता येत नाही. शिवाय तेथे जीव एकच असतो. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या विमानतळावर शत्रूची सहा सेबर विमाने चालून आली, तेव्हा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों आपले छोटे नॅट विमान घेऊन त्यांच्यावर झेपावले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. खाली श्रीनगर होते, म्हणूनच ते वर गेले होते.

मग करावे काय? बंदीने हा प्रश्न सुटत नाही. जर्मनीतील ती बंदीही पुढे २००२ साली उठली. मोबाइल हिसकावून घेतला तर मूल शेजारच्या ओट्यावर जाऊन खेळेल. त्यापेक्षा आईवडिलांनी दहा मिनिटे त्याच्याशेजारी बसावे, त्याचा पराक्रम मनापासून पाहावा आणि सहज विचारावे, "बाळा, खाली कोण राहतं?" उत्तर आले नाही तर पाटी-खडू किंवा कागद पुढे ठेवावा आणि विमानाखालचे गाव त्यालाच काढू द्यावे. विहीर, शाळा, देऊळ, चर्च, अंगणातली आजी, दावणीची गाय, सारे काही. मग खेळायचे असेल तर खुशाल खेळू द्यावे. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही शिकवण आपण मुलांना देतो. परंतु शेजारी आहे हे आधी दिसावे लागते. ज्याने आपल्या हाताने गाव काढले, त्याचा अंगठा पुढच्या वेळी बटणावर पडण्यापूर्वी क्षणभर अडखळेल. तेवढा क्षण त्याला मिळवून देणे हे आपल्या हाती आहे.