सीनेची जागा सीनेला

अहिल्यानगर, म्हणजे आमच्या नगर शहरातून वाहणाऱ्या सीना नदीची निळी पूररेषा मागे घ्यावी, या मागणीच्या निवेदनावर माझी सही आहे. आज मला ती रेषा हवी आहे. कल्याण रोडच्या शेजाऱ्यांसमोर हे बोलायला जड जातं, पण बोललंच पाहिजे.

निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द. तिच्या आत नवं बांधकाम नाही. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची, तिथे अटींवर परवानगी मिळते. आमचं म्हणणं साधं होतं. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आठवणी ऐकत आम्ही वाढलो, टँकरमागे हंडे घेऊन धावलो. शहराला प्यायला पाणी येतं ते मुळा धरणातून. जामगाव आणि जेऊरकडून येणारी सीना कितीतरी महिने कोरडी, आणि शहरात तिच्यात दिसतात त्या वेड्या बाभळी नि गटाराचं पाणी. हिच्यासाठी आयुष्यभराच्या कमाईचा प्लॉट का सोडायचा? पात्र खोल करा, दोन्ही अंगांनी भिंत घाला, विषय संपला. पाऊस झाला, नालेगावजवळ पुलावर पाणी आलं नि कल्याण रस्ता बंद पडला, की आम्ही पुलाच्या उंचीवर तावातावाने बोलायचो. नदीच्या रुंदीचा विषय कुणी काढत नसे.

माझं मत पालटायला सुरुवात झाली ती एका शोषखड्ड्यापाशी. आमच्याच गल्लीत, नदीपासून बऱ्यापैकी लांब, जेसीबीने खड्डा घेतला होता. वर मुरमाची भर, तिच्याखाली काळी माती. त्याखाली मात्र हातभर बारीक वाळू, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे, आणि तळाला गुळगुळीत गोल गोटे. गवंडी सहज म्हणाला, "काका, हे तर नदीचं पोट आहे." मी एक गोटा उचलून पाहिला. असा गोटा वाहत्या पाण्याशिवाय घडत नाही. कार्यालयात बसून कुणीतरी रेष ओढली, हा माझा आवडता मुद्दा तिथेच लंगडा पडला.

मग मी भिंतीचा विचार नव्याने केला. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर भागात भिंत कोसळून माणसं दगावली. भिंत पाणी कमी करत नाही, ते पुढे ढकलते. सीना इथून कर्जतकडे नि पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने माढा-मोहोळची गावं बुडवली, लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. आपल्या प्लॉटची किंमत राखण्यासाठी इथून पाणी आणखी वेगाने खाली सोडायचं, हे मला आता पटत नाही.

नेदरलँड्स हा तर बंधारे-भिंतींचा देश. १९९५ च्या पुराच्या भीतीने तिथे अडीच लाखांवर माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी नद्यांना जागा द्यायचं ठरवलं. नायमेगन शहराजवळ वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे नेला, वाटेतली घरं हलवली आणि नदीला दुसरा प्रवाह काढून दिला. आपल्याकडे एवढा पैसा नाही, हे खरं. पण सीनेकाठी अजून मोकळ्या जमिनी आहेत. तिथे आज मैदानं, झाडी, भाजीपाल्याची शेतं राखणं हे उद्या घरं पाडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. डोंगराकडून शहरात उतरणारे ओढे बुजवून त्यांवर झालेल्या कॉलन्यांचा प्रश्नही नदीला जागा देण्याच्या आराखड्यात घ्यावा लागेल.

एका गोष्टीवर मी अजून जुन्या जागी ठाम आहे. इथे घर बांधणारा माणूस लबाड नव्हता. त्याने गुंठा दोन गुंठे घेतले, कागद पाहिले, कर्ज काढलं, घरपट्टी भरली. रेष ओढून त्याला वाऱ्यावर सोडणं अन्यायच आहे. रेषेच्या आतल्या प्रत्येक घराला पर्यायी प्लॉट किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) आधी हातात मिळावा, मगच नोटीस यावी. आणि पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंचं काय? पुरात पहिलं भिजतं ते त्यांचं धान्य. सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीच्या पावतीवर त्यांचं नाव नसतं, म्हणून ते कुठल्याच यादीत येत नाहीत. आमच्याही निवेदनात ते नव्हते. नवं निवेदन मी लिहायला घेतलं आहे, त्यात पहिली मागणी त्यांच्या घरांची आहे. सहीसाठी मी पुन्हा त्याच दारांवर जाणार आहे.