रंगावरून प्रथिनाचं माप

चिकपेटेत माझ्या मामांचं रेशमी साड्यांचं दुकान आहे. पीएचडीसाठी बंगळुरात आले, तेव्हा वसतिगृह मिळेपर्यंत मी त्यांच्याकडेच राहिले. आम्ही भावसार, पूर्वापार रंगारी. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड, गिऱ्हाईक मारवाडी असलं तर हिंदी. "दिवसभर तिथं करतेस तरी काय?" असं मामांनी एकदा विचारलं. "प्रथिनं मोजते," म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न तयार होता, "कशावर? काट्यावर?"

काट्याचा इथे उपयोग नाही. पेशी फोडून जो द्रव मिळतो, त्यात प्रथिनांबरोबर क्षार, साखर, डीएनए सगळंच असतं. म्हणून प्रथिनाला तेवढा रंग चढवायचा आणि किती चढला ते पाहायचं. आमचा रंग कूमासी ब्रिलियंट ब्लू, मुळात लोकर रंगवण्यासाठी बनलेला. हे ऐकून मामा खुलले. "मग रेशमालाही बसेल की!" म्हणाले, आणि दुकान बंद झाल्यावर त्यांनी करूनच दाखवलं. कढत पाण्यात चिमूटभर लाल आम्ल-रंग, थोडं व्हिनेगर, त्यात रेशमाची एक लड आणि सुताची एक. थोड्या वेळानं दोन्ही नळाखाली धरल्या. रेशीम लालभडक राहिलं. सुताचा बहुतेक रंग मोरीत वाहून गेला. लोकर आणि रेशीम ही प्रथिनं, सूत म्हणजे सेल्युलोज. मामांच्या धंद्यातली ही रोजची गोष्ट माझ्या विषयाचा पाया आहे.

प्रयोगशाळेत पूर्वी भर होता तो लाउरी यांच्या 1951 च्या पद्धतीवर. एक द्रावण घाला, थांबा, दुसरं घाला, पुन्हा अर्धा तास थांबा. 1976 मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या मेरियन ब्रॅडफर्ड यांनी हे काम एका द्रावणावर आणलं. आम्लात कूमासी तपकिरी-लालसर दिसतो. प्रथिनाला चिकटला की निळा होतो. नमुना टाकायचा, हलवायचा, पाच मिनिटांत आकडा घ्यायचा. 2014 मध्ये 'नेचर'नं सर्वाधिक उद्धृत शोधनिबंधांची यादी छापली, तिच्यात लाउरी पहिले आणि ब्रॅडफर्ड तिसरे होते. नव्या सिद्धांतांना मागे टाकून मोजण्याच्या दोन रीती इतक्या वर बसल्या.

पण निळा किती म्हणजे प्रथिन किती? इथे आमचं काम मॅचिंग सेंटरसारखंच चालतं. बायका साडीचा पदर उजेडात धरून ब्लाउजपीसच्या छटा लावून पाहतात, तशी आम्ही अल्ब्युमिन या प्रथिनाची ठाऊक मापाची द्रावणं शेजारी ठेवतो आणि नमुन्याची निळाई कुठं बसते ते पाहतो. डोळ्याऐवजी 595 नॅनोमीटरचा नारिंगी प्रकाश आरपार सोडून किती शोषला गेला ते यंत्र सांगतं.

ते यंत्र महाग, पण तत्त्व स्वस्त. चिकपेटेला लागूनच एस. पी. रोड आहे. तिथल्या टिचभर दुकानातून मी नारिंगी एलईडी, एलडीआर (उजेडाप्रमाणे विरोध बदलणारा घटक) आणि मल्टिमीटर आणला. काळ्या पुठ्ठ्याच्या डबीत मधोमध नळी, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला एलडीआर. द्रव जितका निळा, तितका उजेड कमी आणि मीटरवरचा ओहमचा आकडा जास्त. प्रयोगशाळा पाहायला आलेल्या शाळकरी मुलांनी या डबीवर पातळ केलेल्या दुधाचे नमुने कमी-जास्त प्रथिनाप्रमाणे ओळीनं लावले. एका नळीत मात्र रंगाच्या द्रावणात नुसतं पाणी घालूनही निळसर झाक आली. ती नळी साबणानं धुतलेली होती. साबणाचा अंशही या रंगाला फसवतो.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी गिऱ्हाइकासारखं हटकलं, "मग तुझा आकडा खरा कशावरून?" प्रश्न रास्त होता. कूमासी मुख्यतः आर्जिनिन या अमिनो आम्लाला धरतो आणि प्रत्येक प्रथिनात ते सारखं नसतं. अल्ब्युमिनवर तर हा रंग इतर बऱ्याच प्रथिनांपेक्षा गडद चढतो, म्हणून त्याच्याशी जुळवलेला आकडा अनेकदा कमी भरतो. तेव्हापासून मी वहीत नुसतं 'इतके मिलिग्रॅम' लिहीत नाही, 'अल्ब्युमिनच्या मानानं इतके' असं लिहिते. मोजणं पाच मिनिटांवर आलं, तरी कशाशी जुळवलं ते सांगण्यातून सुटका नाही.